आलो, आले, येऊ?

बाबा, "थांब गं, मी आले!" असं तू गिरणीतून ओरडलास आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली. पट्टा फटफट करत थांबला, मशीनचा आवाज उतरत उतरत विझला, आणि तुझं वाक्य तेवढं मागे राहिलं. कडावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, भात भरडायला आलेल्या दहा-पंधरा माणसांच्या मधोमध. मशीन चालू असताना तू काय ओरडतोस ते माझ्याशिवाय कुणाला कधी ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना आलं.

मी दारात उभी होते. सहावीत होते. सहलीच्या कागदावर पालकाची सही हवी होती म्हणून शाळा सुटल्यावर सरळ गिरणीवर आले होते, आणि माझ्यामागे वर्गातल्या दोघी होत्या. गोणीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "काय रं, काय म्हनलास? आले?" पलीकडच्याने लगेच सूर धरला, "आली का गं? ये, बस. च्या घेशील?" हशा पिकला. टोपलीपाशी उभी असलेली एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमी बाया बी 'मी आली' म्हनतो रं. ह्यो तं 'आले' म्हनतो. शेरातली बाई हाय ही!" त्यावर माझ्या मागच्या दोघीही फिसकन हसल्या.

तू आतून बाहेर आलास. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, भुवया कोंड्याने पांढऱ्या. टॉवेल खाली ओढलास तेव्हा दिसलं की तूही हसतो आहेस. तू हसला नसतास, त्यांच्यावर रागावला असतास, तर कदाचित मी काही बोलले नसते. मी म्हणाले, "नीट बोला ना. बायकांसारखं काय बोलता? लाज वाटते मला."

बोला. बोलता. तोपर्यंत मी तुला 'तू'च म्हणायचे. वर्गातल्या बाकीच्या आपापल्या वडलांना अहो-जाहो करायच्या, मी एकटी अरे-तुरे करायचे, आणि त्याबद्दल तुझं कधी काही म्हणणं नव्हतं. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं, आणि ते मान देण्यासाठी म्हटलं नव्हतं. दोन पावलं लांब सरकून उभं राहण्यासाठी म्हटलं होतं. पुढची नऊ वर्षं, तू होतास तोवर, मी ते सोडलं नाही. आज या कागदावर पुन्हा 'तू' लिहिते आहे. तुला न विचारता.

तुझं हसू लगेच गेलं नाही, मशीनसारखं उतरत गेलं. हात पुसलेस, कागद घेतलास, भाताच्या गोणीवर ठेवून सही केलीस आणि परत देताना म्हणालास, "माझं चुकलं गं. नाय बोलनार आता." एवढंच. लाइट आली तसा आत गेलास. कागदावर तुझा कोंड्याचा अंगठा उमटला होता. घरी पोचेपर्यंत मी तो फुंकर मारमारून काढत होते.

यातलं मी कुणाला कधी सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्याला तुझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. आई गेली तेव्हा मी सव्वा वर्षाची होते, तू मला रोज गिरणीवर न्यायचास, रिकाम्या गोणपाटांच्या ढिगावर बसवायचास, माझ्या केसांतला कोंडा संध्याकाळी फणीने काढायचास, हे सगळं. त्यालाही ते ऐकायला आवडायचं. पण माझे वडील माझ्याशी बोलताना 'मी येते, मी जाते' म्हणायचे, हे मी गाळलं. मला ते तुझं एक विचित्र वळण वाटत होतं, काही माणसांना डावा डोळा मिचकावायची सवय असते तसं. का, हा प्रश्न कधी पडला नाही. आता पडला, तो माझ्या मुलामुळे.

मला मुलगा झाला, बाबा. लग्नाला चौदा वर्षं होऊन गेल्यावर, चाळिशीत. आता साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही खालापुरात राहतो, तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. याचे बाबा कंपनीत शिफ्टला जातात, घरी असतात तेव्हा बहुतेक झोपलेले असतात. त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर आवाज पडतो तो माझा. बोलायला लागला तसं मला रोज नवं काहीतरी सापडायला लागलं. 'केला' हा शब्द त्याने मान्यच केलेला नाही. बसला, उठला, पडला, तसं करला. "मी चहा करला." "बाबाने मला बॉल देला." गॅलरीत उलथं पडलेलं झुरळ दाखवून म्हणाला, "आई, ते मरलं." मी म्हटलं, "मेलं." त्याने पुन्हा खाली वाकून नीट पाहिलं आणि मान हलवली, "मरलंच." आमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, कुणीही करला-देला म्हणत नाही. म्हणजे त्याने ते ऐकलेलं नाही, कुठून तरी नियम शोधून काढून स्वतःच्या हाताने बनवलं आहे. मला त्याचं कौतुकच वाटतं. केला, दिला, मेलं हे आज ना उद्या येईल, घाई नाही.

पण एक गोष्ट त्याने बनवलेली नाही, ती सरळ माझ्याकडून उचललेली आहे. "मी आले." "मी आता झोपते." "मी एकटी शू करून आले." तळमजल्यावरच्या काकूंनी गालगुच्चा घेऊन विचारलं, "काय रे, मुलगी आहेस का तू?" तर त्याला राग आला. "नाही! मी मुलगा आहे. मी कधीच मुलगा झाले!" काकू जिन्यात बसून हसल्या. याचे बाबाही आधी हसले. फोनवर भावाला सांगत होते, "माझ्या घरी दोन बायका आहेत. एक साडीतली, एक चड्डीतली." मग एक दिवस हसणं थांबवून म्हणाले, "जूनमध्ये शाळा आहे त्याची. पोरं चिडवतील. सुधार त्याला."

मी सुधारायला बसले. "बाळा, म्हण, मी आलो."

"म्हण मी आलो."

"'म्हण' नाही म्हणायचं रे. नुसतं, मी आलो."

"तू आलो?"

"मी आले. तू आलास."

"मी आलास."

"नाही. मी म्हणणार, तू आलास. आणि तू म्हणायचं, मी आलो."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खेळात लबाडी करते आहे आणि ती त्याला पकडता येत नाही, असं ते पाहणं होतं. मग उठला. "जा. मी खाली चालले."

माझ्या ओळखीत लहान मुलांचं कळणारं एकच माणूस होतं, कडावच्या बालवाडीतल्या आपल्या बाई. आता कर्जतला लेकीकडे असतात, ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत, कान शाबूत. डिसेंबरात मुलाला घेऊन गेले. तो अंगणात मांजरामागे लागला आणि मी बाईंना सगळं सांगितलं. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "तुझं उलटं होतं गं. विसरलीस?"

मला विसरायलाही काही माहीत नव्हतं.

बाई सांगतात, बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मी मुतून आलो." पोरं हसली. दुसऱ्या दिवशी, "बाई, मी इथं बसतो." "मी दमलो." "मी गानं म्हनतो." बाई म्हणाल्या, "आधी मला वाटलं, ही घाटावरची असेल. तिकडे काही बायका बोलतात तसं. पण तू तर इथलीच." मग त्यांनी तुला बोलावून घेतलं.

हे ऐकताना मला एकदम गोणपाटांचा तो ढीग आठवला. मशीन सकाळी सुरू व्हायचं ते दुपारी जेवणापुरतं थांबायचं. रांगेत बायका असायच्या, बोलत असायच्या, पण मला त्यांची नुसती तोंडं हलताना दिसायची. तुला काही सांगायचं असलं की तू खाली वाकून माझ्या कानाला तोंड लावायचास. तुझा श्वास, कोंड्याचा गोडसर वास, आणि शब्द. "मी पट्टा चढवून आलो हां. हालू नको." घरीही आपण दोघंच. एवढ्या मोठ्या जगात मला ऐकू येणारं माणूस एकच होतं, मग मी दुसऱ्या कुणासारखं बोलणार होते?

बाईंनी तुला सांगितलं, "पोरीला बाईमाणसाचं बोलणं ऐकायला मिळत नाही. ओरडून काही होणार नाही. मूल कानाने शिकतं, कान उपटून नाही. घरात कोणी बाई नाही का?" तू म्हणालास, "नाय." बाई म्हणाल्या, "मग बघा काहीतरी." त्यांना वाटलं, तू लग्न करशील. सगळ्यांनाच वाटत होतं. आत्याने तर नेरळकडची एक मुलगी बघून ठेवली होती. आणि पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तेव्हा तू बालवाडीच्या पायरीवर बसलेला होतास. भुवया पांढऱ्या, हातात टॉवेल. बाई बाहेर आल्या तसा उठून उभा राहिलास. "बाई, बाईमानसाचं बोलनं मला शिकवा. मी घरी बोलन तसं."

"मला आधी हसू आलं," बाई म्हणाल्या, "मग त्यांचं तोंड बघून आलं नाही." तुझा पहिला प्रश्न होता, आली का आले? बाई म्हणाल्या, आपल्याकडच्या बायका 'आली' म्हणतात, पुस्तकात 'आले' आहे. तू म्हणालास, "मंग पुस्तकातलं द्या. पोरगी शाळंत जानार हाय."

असे पाच-सहा शनिवार. तू विचारायचास आणि बाई सांगायच्या. भिजलो? भिजले. दमलो? दमले. ईसरलो? विसरले. आनि मी पानी भरलं, त्याचं काय? बाई म्हणाल्या, ते तसंच. तिथे बाई-बाप्या नाही. भाकर खाल्ली? तसंच. मला झोप आली? तसंच. मी उद्या येईन? तेही तसंच. त्यावर तू मांडीवर थाप मारलीस म्हणे. "म्हंजी लई ठिकानी सुटका हाय की, बाई!" मग थोडा विचार करून विचारलंस, "आनि आमी?" बाईंनी सांगितलं, 'आम्ही' म्हटलं की बायकासुद्धा 'येतो'च म्हणतात. तू हातातल्या टॉवेलची घडी घातलीस. मग म्हणालास, "म्हंजी दोघांचं मिळून असलं का एकच."

आत्या घरी यायची तेव्हा कपाळावर हात मारून म्हणायची, "बायको आन म्हनलं, तं ह्यो सोताच बायको झाला!" हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. मला वाटायचं, तू स्वयंपाक करतोस, माझी वेणी घालतोस, म्हणून ती तसं म्हणते.

"सहा महिन्यांत तू 'आले' म्हणायला लागलीस," बाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं, आता थांबलात तरी चालेल. तर म्हणाले, नाय बाई, आता तिच्यासंगं दुसरं काय तोंडात येत नाय. आनि पोरगी खूश असते." मग बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "शेवटपर्यंत बोलायचे का गं तुझ्याशी तसं?"

मी "हो" म्हणाले. बाबा, मी त्यांना "हो" म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीला हाक मारून माझ्यासाठी चहा करायला लावला.

कर्जतहून परत येताना एसटीत मुलगा मांडीवर झोपला होता आणि मी ठरवलं की आपण तुझंच करायचं, उलट्या बाजूने. दुसऱ्या दिवशी कुकर लावताना म्हणाले, "मी भात लावतो." आवाज अर्ध्यातच बारीक झाला. घरात तो आणि मी, तिसरं कुणी नाही, तरी मी दाराकडे पाहिलं. तो फरशीवर गाड्या लावत होता, त्याने वर बघितलं आणि टाळ्या पिटल्या, "आई बाबा झाली!" मी चिकाटीने दोन दिवस रेटलं. मी भांडी घासतो. मी येतो हां, दूध बघून येतो. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाजी घ्यायला नाक्यावर गेलो. मी मेथी निवडत होते, तो हात सोडवून एसटीच्या थांब्याकडे धावला. मला ओरडायचं होतं, थांब रे, मी आलो. "थांब रे, मी आ" एवढं निघालं आणि जीभ पुढे वळेना. भाजीवाली होती, रिक्षावाले होते, कचेरीतले दोघेतिघे ओळखीचे होते. मी तोंड मिटलं आणि नुसती धावले. हाताला धरून त्याला परत आणलं तर म्हणाला, "आई, तू बोलली का नाही?"

काय झालं असतं, सांग. फार तर भाजीवालीने मला घाटावरची समजलं असतं. माझं त्यात काहीही जाणार नव्हतं, तरी मला ते तीन दिवस जमलं नाही. तू ते सात वर्षं केलंस. बाप्या असून, दिवसभर रांग लागलेल्या गिरणीत, कडावसारख्या गावात. मशीनचा आवाज तेवढा आडोसा होता तुला. आणि एकदा तो आडोसा गेला तेव्हा रांगेतले काय म्हणायचे ते म्हणाले, तू हसलास. ते तुझ्या अंगाला लागलंच नव्हतं. लागलं ते माझं.

नाक्यावरून परत आले त्या रात्रीपासून, नाही, खरं तर आजतागायत, मी आठवून बघते आहे की पुढची नऊ वर्षं तू माझ्याशी कसा बोलायचास. मला वाटायचं, तू मुका झालास. मनात धरलंस. कॉलेजात जायला लागल्यावर मैत्रिणींना सांगायचे, आमचे वडील फारसं बोलत नाहीत. पण तू बोलत होतास. "मला गिरनीवर जायचंय." "भाकर खाल्ली, तुझी झाकून ठेवलीय." "उद्या लवकर येईन." "अंग दुखतंय आज." "सपान पडलं मला, तुझी आई दिसली." एक एक वाक्य आठवते आणि बाईंची ती यादी समोर येते. पानी भरलं, भाकर खाल्ली, झोप आली, येईन. बाई-बाप्या नसलेली सगळी ठिकाणं. बायकांसारखं बोलणार नाही असा तू मला शब्द दिला होतास. तो पाळलास. पण माझ्याशी बोलताना बाप्यासारखं तुझ्या तोंडात येईना, म्हणून तू नऊ वर्षं त्या सुटकेच्या जागांत राहिलास. 'मी दमलो' नाही, 'मी दमले'ही नाही. अंग दुखतंय. आणि "आमी" तर आपल्या घरातून गेलंच. मी सकाळी कर्जतला जायचे, संध्याकाळी यायचे, पुस्तक उघडून भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोघांचं मिळून असं काही उरलं नव्हतं की ज्याला तो शब्द लागावा.

सुरुवात तर त्या सहीच्या वेळीच झाली होती. 'मी चुकलो' नाही, 'मी चुकले'ही नाही. "माझं चुकलं गं." त्या घाईतही तू शोधून बरोबर जागेवर पाऊल ठेवलं होतंस.

आणि शेवट. छातीत कोंडा भरला होता तुझ्या, डॉक्टरांनी पनवेलला न्यायला सांगितलं. दुपारची वेळ. शेजारच्यांची जीप दारात उभी आहे, तुला मागच्या सीटवर उशीला टेकून बसवलं आहे. आठवडाभर गिरणीवर गेलेला नाहीस, चेहरा धुतलेला आहे, आणि तुझ्या भुवया काळ्या आहेत हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा नीट दिसतं आहे. मी मागून कपडे घेऊन एसटीने येणार आहे. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, पोरालासुद्धा आपण अडवतो, येतो म्हण. तू जीपच्या दांडीला धरतोस. माझ्याकडे बघतोस. तुझ्या ओठांवर काहीतरी येतं आणि थांबतं, हे मी तेव्हाही पाहिलं होतं, मला वाटलं धाप लागली आहे. मग तू म्हणतोस, "येऊ?"

मी म्हणते, "या."

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आज मुलाच्या शाळेचा फॉर्म भरायला बसले होते. एका रकान्यात मातृभाषा विचारली होती. मराठी लिहिलं आणि पेन थांबलं, म्हणून हे दुसऱ्या कागदावर सुरू केलं. फॉर्म उद्या द्यायचा आहे. खाली पालकाची सही आहे, तीही राहिली आहे. हे पत्र मात्र कुठे द्यायचं नाही. गिरणीच्या जागी आता हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे तुला कुणी ओळखत नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळ्यांना मी सांगते की त्याच्यावर प्रयत्न चालू आहेत, सुधारतो आहे हळूहळू. खोटं आहे ते. मी नाक्यावरून परत आले त्या दिवसापासून मी त्याला एकदाही दुरुस्त केलेलं नाही. तो संध्याकाळी खाली खेळायला जातो. हाक मारली की जिना चढत, धापा टाकत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत ओरडतो, "थांब गं आई, मी आले!" मी दाराच्या आत कडीवर हात ठेवून उभी असते. तो ते म्हणेपर्यंत कडी काढत नाही. कधी कधी एकदा म्हणून झालं तरी काढत नाही, म्हणजे तो पुन्हा म्हणतो. जूनमध्ये शाळेत जाईल, पोरं हसतील, महिन्याभरात 'आलो' म्हणायला लागेल, आणि ते बरोबरच आहे. तोवर चार महिने आहेत.

मी चुकले, बाबा. 'माझं चुकलं' म्हणूनही भागलं असतं, तिथे सुटका होती. पण हे रूप तू मला शनिवारी-शनिवारी पायरीवर बसून आणून दिलं होतंस, म्हणून तेच वापरते.

आणि एक मागते. एकदाच म्हण. मशीन बंद असू दे, रांगेत सगळे बसलेले असू देत, माझ्या मागच्या त्या दोघीही असू देत. थांब गं, मी आले, असं म्हण, मोठ्याने. मी दारातच उभी राहीन, सहीचा कागद घेऊन.

तू म्हणणार नाहीस. नाय बोलनार आता, असा शब्द दिला होतास, आणि तो मी परत घेतला तरी तू मोडायचा नाहीस.